टेम्पोचं भाडं आणि एक पैसा : प्रोग्राम बरोबर आहे हे कसं ठरवायचं

वाळवा तालुक्यातून एकाच टेम्पोनं तीन शेतकऱ्यांची हळद सांगलीच्या मार्केट यार्डात येते. टेम्पोचं भाडं हजार रुपये (हिशोब सोपा पडावा म्हणून हा आकडा), तिघांचं वजन अगदी सारखं. भाडं वजनाप्रमाणे वाटून ज्याच्या त्याच्या हिशोबपट्टीत कापायचं आहे. पेढीवरचा प्रोग्राम प्रत्येकाला ३३३ रुपये ३३ पैसे लावतो. टेम्पोवाल्याला हजार द्यायचे आहेत आणि तिघांकडून मिळून कापले गेले ९९९ रुपये ९९ पैसे. हा प्रोग्राम चुकीचा आहे का?

नुसता कोड बघून याचं उत्तर देता येत नाही. पैसा कमी पडला तर चालेल की नाही, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. प्रोग्राम बरोबर आहे असं आपण म्हणतो, तेव्हा दोन गोष्टी एकमेकींशी ताडून बघत असतो: प्रोग्रामनं काय करायचं ठरलं होतं आणि तो काय करतो. पहिली गोष्ट कागदावर नसेल तर दुसरी कशाशी ताडायची? ‘चालतोय की’ एवढंच उत्तर उरतं आणि ते कुणाच्याही पैशाच्या हिशोबाला पुरत नाही.

सांगली-मिरजेत पेढ्या, पतसंस्था, दूध डेअऱ्या यांच्यासाठी बिलिंगचे छोटे-मोठे प्रोग्राम लिहिणारी पुष्कळ मुलं आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या प्रोग्राममधून निघालेली पट्टी हातात पडते ती नऊ महिने शेतात राबलेल्या माणसाच्या, आणि तो ती छापील आहे म्हणून मान्य करतो. त्यामुळे ‘बहुतेक बरोबर असेल’ यावर थांबणं मला पटत नाही. भाडं वाटण्याचं हे एकच छोटं फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, घेऊन शेवटपर्यंत जाऊ. एवढ्याशा कामातही किती गोष्टी दडलेल्या असतात ते दिसेल.

कोडच्या आधी करार

वही घ्या आणि दोन मथळे लिहा: ‘फंक्शनला काय मिळणार’ आणि ‘फंक्शन काय देणार’. पहिल्याला पूर्वअट म्हणू, दुसऱ्याला उत्तरअट. पूर्वअट पाळली गेली तर उत्तरअट पाळण्याची हमी फंक्शननं द्यायची, असा हा करार. प्रोग्रामकडे असं बघण्याची रीतसर पद्धत संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६९ मध्ये मांडली. त्याआधी १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉइड यांनी फ्लोचार्टवर तेच काम केलं होतं.

आपली पूर्वअट: वजनं ग्रॅममध्ये, पूर्णांक, एकही ऋण नाही. सगळ्यांचं मिळून वजन शून्यापेक्षा जास्त. भाडं पैशांत, पूर्णांक, ऋण नाही.

उत्तरअट तीन कलमांची. एक, सगळ्या हिश्शांची बेरीज भाड्याइतकीच, पैशाचाही फरक नाही. दोन, कुणाचाही हिस्सा ऋण नाही. तीन, प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या वजनाच्या अचूक प्रमाणापासून एक पैशापेक्षा कमी अंतरावर.

हा कागद पेढीवरच्या दिवाणजींना दाखवा. ते वाचतील आणि बहुधा म्हणतील, ‘आणि सारख्या वजनाला सारखं भाडं लागलं पाहिजे, हेपण लिहा.’ मागणी रास्त आहे. पण चौथं कलम म्हणून ती लिहायला गेलात तर करारच मोडतो. हजार रुपये म्हणजे १,००,००० पैसे, आणि त्याला ३ नं नि:शेष भाग जात नाही. तिघांना सारखं लावायचं तर बेरीज जुळणार नाही, बेरीज जुळवायची तर कुणाला तरी एक पैसा जास्त लागणार. जगातला कुठलाही प्रोग्राम ही दोन्ही कलमं एकदम पाळू शकत नाही.

मला या सगळ्या पद्धतीतली ही सर्वांत मोलाची जागा वाटते. कोडची एक ओळ लिहिण्याआधीच मागण्यांमधला विरोध उघडा पडला. करार न लिहिता कोड लिहिला असता, तर हा निर्णय प्रोग्रामरनं नकळत घेतला असता आणि तीन महिन्यांनी ताळेबंद जुळेना म्हणून सगळे डोकं धरून बसले असते. निर्णय पेढीच्या मालकाचा आहे: उरलेला पैसा एका शेतकऱ्याला लावायचा, की सगळ्यांचे हिस्से पूर्ण रुपयात घेऊन फरक पेढीनं सोसायचा. तुमचं काम त्याच्यासमोर दोन्ही पर्याय ठेवण्याचं. आपण असं धरू की मालकानं पहिला पर्याय निवडला. तेव्हा चौथं कलम असं होईल: सारख्या वजनाच्या दोघांच्या भाड्यात फार तर एका पैशाचा फरक.

त्याच बैठकीत आणखी विचारून घ्या. वजन बारदानासकट धरायचं की बारदान वजा जाता? एकाच शेतकऱ्याचे दोन लॉट असतील तर भाडं माणसामागं की लॉटमागं? हमाली, तोलाई, भाडं आणि आधीची उचल मिळून रक्कम विक्रीपेक्षा जास्त झाली तर पट्टी ऋण छापायची, की बाकी खात्यावर ओढायची? मोजमापाचं एकक तर प्रत्येक आकड्यापुढे लिहा. काटा किलोत दाखवतो, भाव क्विंटलवर पुकारला जातो आणि आपण हिशोब ग्रॅममध्ये करणार आहोत. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान एककांच्या घोळातच गेलं: एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी नीट चालत होता. दोघांमधला करार मात्र जुळत नव्हता.

पूर्वअट कोण तपासणार, हेही ठरवा. कीबोर्डवरून किंवा काट्यावरून आलेला आकडा नेहमी दारातच तपासायचा. एकूण वजन शून्य आलं तर ‘वजन भरलेलं नाही’ असं स्पष्ट सांगून थांबायचं, मुकाट्यानं शून्य भाडं छापायचं नाही. आत आल्यावर मात्र प्रत्येक फंक्शननं तेच पुन्हा पुन्हा तपासत बसण्याची गरज नाही.

पैसे पूर्णांकात

रुपये दशांश अपूर्णांकात ठेवण्याची सवय सोडा. संगणकातले नेहमीचे दशांश आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवले जातात आणि तिथं ०.१ नेमका मावत नाही. बहुतेक भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. फरक क्षुल्लक दिसतो, पण तो साचत जातो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथं अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होतं, ०.१ हा आकडा २४ बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारं एक घर) तोडून ठेवलेला होता आणि यंत्रणा जवळपास १०० तास सलग चालू होती. तेवढ्या वेळात घड्याळ सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशानं चुकलं होतं.

पैशाच्या हिशोबातलंही उदाहरण आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजारानं १९८२ च्या सुरुवातीला १००० वर नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानं काढताना तिसऱ्या दशांशापुढचं सगळं कापून टाकलं जाई. सुमारे २२ महिन्यांनी निर्देशांक ५२५ च्या आसपास दिसत होता. नीट मोजला तेव्हा तो १०९८ च्या वर निघाला.

मग पैसे पूर्णांकात घेऊन प्रत्येक हिस्सा जवळच्या पैशाला पूर्ण केला तर? तिघांत बेरीज एक पैशानं कमी येते. सारख्या वजनाचे सहा शेतकरी असतील तर प्रत्येकी १६६ रुपये ६७ पैसे, म्हणजे बेरीज दोन पैशांनी जास्त. पहिलं कलम दोन्हीकडे मोडलं. वाटण्याची रीतच वेगळी हवी.

लूप आणि त्यातलं न बदलणारं विधान

ती रीत अशी. एकेकाचा हिस्सा सुटा काढायचाच नाही. इथपर्यंतच्या सगळ्यांचं मिळून भाडं काढायचं आणि त्यातून आधीच्यांचं वजा करायचं.

एकूण = सगळ्या वजनांची बेरीज
चालू वजन = ०, चालू भाडं = ०
प्रत्येक शेतकऱ्यासाठी, ओळीनं:
चालू वजनात त्याचं वजन मिळवा
नवं भाडं = (भाडं × चालू वजन) ÷ एकूण, पूर्णांक भागाकार, बाकी सोडून
त्याचा हिस्सा = नवं भाडं − चालू भाडं
चालू भाडं = नवं भाडं

तिघांची वजनं ४००, ५०० आणि ६०० किलो घेऊन हातानं करून बघा. भाडं तेच, १,००,००० पैसे. पहिल्यापर्यंत २६,६६६ पैसे, दुसऱ्यापर्यंत ६०,०००, तिसऱ्यापर्यंत १,००,०००. हिस्से झाले २६,६६६, ३३,३३४ आणि ४०,०००. बेरीज जुळली. पण एका उदाहरणात जुळली म्हणजे नेहमी जुळेलच असं नाही, आणि खरं काम इथून पुढं आहे.

लूपची, म्हणजे एकेका शेतकऱ्यासाठी त्याच ओळी पुन्हा चालवणाऱ्या भागाची, प्रत्येक फेरी संपल्यावर खरं राहील असं एक विधान शोधायचं. त्याला इन्व्हेरियंट म्हणतात. आपलं विधान: आतापर्यंत वाटलेल्या हिश्शांची बेरीज चालू भाड्याइतकी आहे, आणि चालू भाडं म्हणजे भाडं गुणिले चालू वजन भागिले एकूण, बाकी सोडून. ते तीन ठिकाणी तपासा.

सुरुवातीला: कुणालाच काही वाटलेलं नाही, दोन्ही चालू आकडे शून्य. विधान खरं.

एका फेरीत: फेरीआधी विधान खरं होतं असं धरा. फेरीत ‘नवं भाडं वजा चालू भाडं’ एवढा हिस्सा वाटला, म्हणजे वाटलेल्यांची बेरीज बरोबर नव्या भाड्याइतकी झाली. शेवटच्या ओळीनं तेच चालू भाडं झालं, आणि ते काढलंच त्या सूत्रानं. विधान पुन्हा खरं.

शेवटी: सगळे शेतकरी झाले, चालू वजन एकूण वजनाइतकं. भाडं गुणिले एकूण भागिले एकूण म्हणजे भाडं. पहिलं कलम सिद्ध झालं, तिघांसाठी आणि तीनशेंसाठीही.

उरलेली कलमं आता हलकी जातात. वजन ऋण नसल्यामुळे चालू वजन कधी कमी होत नाही, त्यामुळे नवं भाडं आधीच्यापेक्षा कमी येत नाही आणि हिस्सा ऋण होत नाही. पूर्वअटीतलं ‘ऋण नाही’ इथं कामाला आलं, हे ध्यानात घ्या. चुकीच्या नोंदीची दुरुस्ती म्हणून कुणी ऋण वजन भरलं की ही हमी संपते. तिसरं कलम: प्रत्येक पूर्णांक भागाकारात एक पैशापेक्षा कमी तुकडा गळतो. हिस्सा ही अशा दोन आकड्यांची वजाबाकी, म्हणून तो अचूक प्रमाणापासून दोन्ही बाजूंना एक पैशापेक्षा कमीच ढळतो. चौथं कलम यातूनच निघतं: सारख्या वजनाच्या दोघांचं अचूक प्रमाण एकच, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पैशाच्या आत असलेले दोन पूर्णांक फार तर एकानं वेगळे असू शकतात. प्रमाण ३३,३३३.३३ असेल तर हिस्सा ३३,३३३ किंवा ३३,३३४ यांपैकीच एक.

गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९४९ मध्येच केंब्रिजला एका छोट्या निबंधात हे सांगितलं होतं. मोठा प्रोग्राम तपासणाऱ्यावर सगळं ओझं एकदम टाकू नका. लिहिणाऱ्यानं जागोजागी ठाम विधानं करून ठेवावीत, ती एकेक तपासता यावीत आणि त्यातून सगळ्या प्रोग्रामची खात्री सहज निघावी. म्हणून इन्व्हेरियंट डोक्यात ठेवू नका, लूपच्या वर कॉमेंटमध्ये साध्या मराठीत लिहा.

लूप थांबतो का, हा वेगळा प्रश्न. कधीच न संपणारा प्रोग्राम चुकीचं उत्तर देत नाही, पण उत्तरच देत नाही. कुठलाही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की नाही हे सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं. त्यानं धीर सोडायचं कारण नाही, कारण आपल्याला एकाच प्रोग्रामपुरतं सांगायचं आहे: प्रत्येक फेरीत कमी होणारी आणि शून्याखाली न जाणारी एक संख्या दाखवायची. इथं ती आहे उरलेल्या शेतकऱ्यांची संख्या.

सिद्धता कागदावर, आकडा यंत्रात

आपण आत्ता जी सिद्धता दिली ती गणितातल्या पूर्णांकांची, ज्यांना वरची मर्यादा नाही. ३२ बिटांचा पूर्णांक मात्र २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. आपल्या कोडमधला गुणाकार बघा: भाडं गुणिले वजन. दहा किलो वजन टाकून टेस्ट केली तर १,००,००० गुणिले १०,०००, म्हणजे १०० कोटी. मावलं, पट्टी बरोबर छापली, सगळे खूश. मग यार्डातला खरा माल येतो. एका क्विंटलवरच गुणाकार १,००० कोटी होतो आणि मर्यादा आहे २१४ कोटींची. जावासारख्या भाषेत तो आकडा कुठलीही सूचना न देता गुंडाळला जातो आणि वेगळीच रक्कम घेऊन पुढं जातो. हजार रुपये भाड्याला हा प्रोग्राम एकूण २१ किलो ४७४ ग्रॅमपर्यंतच बरोबर आहे.

उपाय सोपा आहे: हे सगळे आकडे ६४ बिटांत ठेवा, किंवा पायथनसारखी पूर्णांकांना मर्यादा नसलेली भाषा घ्या. जास्तीत जास्त भाडं आणि जास्तीत जास्त वजन किती, तेही पूर्वअटीत लिहा. पाच हजार रुपये आणि दहा टन धरलं तर गुणाकार पाच लाख कोटी. ६४ बिटांत तो आरामात बसतो.

अशी चूक नवशिक्यांचीच असते असं समजू नका. जावाच्या प्रमाण लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमवार यादी दर वेळी अर्धी करत शोधण्याच्या रीतीत) मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून दोननं भागलेलं होतं. १०७ कोटींच्या वर घटक असलेल्या यादीत ती बेरीज मर्यादा ओलांडते. हे अनेक वर्षं तसंच वापरात होतं. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ते जाहीरपणे मांडलं. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं, त्याच्या मुळाशी ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवण्याची एक पायरी होती. तो कोड एरियान ४ मधून आला होता आणि तिथं तो नीट चालत होता, कारण त्या रॉकेटच्या उड्डाणात तो आकडा तेवढा मोठा होतच नव्हता. पूर्वअट बदलली, पण कोडसोबत ती कुणी वाचली नाही.

टेस्ट कशासाठी, कशा

संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे: टेस्टनं चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे नाही. दोन ३२ बिटी आकड्यांच्या साध्या बेरजेच्या सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटल्या आणि सेकंदाला शंभर कोटी तपासल्या, तरी ५८० हून अधिक वर्षं लागतील. तरीही टेस्ट लिहायच्याच. सिद्धता करताना यंत्र, कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि आपलं टायपिंग बरोबर आहे असं आपण धरून चालतो. टेस्ट हे सगळं एकत्र चालवून बघते.

हातानं निवडलेल्या दहा-बारा टेस्ट कडेच्या जागांवर ठेवा: एकच शेतकरी, एकाचं वजन शून्य, भाडं शून्य, भाडं एक पैसा आणि शेतकरी तीन, सर्वांत मोठं वजन आणि सर्वांत मोठं भाडं. त्यापुढं करारच टेस्ट म्हणून वापरा. यंत्राला हजारो यादृच्छिक वजनं आणि भाडी बनवू द्या आणि प्रत्येक वेळी फक्त चार कलमं तपासा. अपेक्षित उत्तर आधी माहीत असण्याची गरज पडत नाही, हीच यातली गंमत. ही रीत २००० साली हॅस्केल भाषेतल्या क्विकचेक या टेस्टच्या साधनानं रूढ केली. पायथनमध्ये त्यासाठी हायपोथेसिस आहे.

सगळ्या टेस्ट पास झाल्या की कोड मुद्दाम बिघडवा. शेवटची ओळ काढून टाका, पूर्णांक भागाकाराच्या जागी जवळच्या पैशाला (नेमका अर्धा असेल तर नेहमी वरच्या) पूर्ण करणारा भागाकार घाला. पहिला बिघाड टेस्टनं पकडलाच पाहिजे. दुसरा मात्र पकडला जाणार नाही, आणि का नाही ते शोधण्यात अर्धा तास घालवा: चालू बेरजेवर पूर्ण केलं तरी चारही कलमं पाळलीच जातात. म्हणजे तो बिघाड नाहीच, करारात बसणारा दुसरा बरोबर प्रोग्राम आहे. कुणाला जास्तीचा पैसा लागतो एवढंच बदलतं, आणि त्याबद्दल आपण करारात काहीच म्हटलेलं नाही. पेढीला तो पैसा नेहमी शेवटच्या शेतकऱ्यालाच लावायचा असेल, तर तसं पाचवं कलम लिहावं लागेल आणि वाटण्याची रीतही बदलावी लागेल.

यंत्राकडून सिद्धता तपासून घ्यायची असेल तर डॅफनी ही प्रोग्रामिंग भाषा शिका. पूर्वअट, उत्तरअट आणि इन्व्हेरियंट कोडमध्येच लिहायचे, पटलं नाही तर ते तिथंच अडवतं. मोठ्या प्रमाणावरही हे झालंय: एसईएलफोर या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची सिद्धता २००९ मध्ये पूर्ण झाली, आणि पॅरिस मेट्रोच्या १९९८ मध्ये सुरू झालेल्या चालकविरहित १४ नंबरच्या मार्गाचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी-मेथड या सिद्धतेसकट प्रोग्राम लिहिण्याच्या पद्धतीनं लिहिलं गेलं. टिमसॉर्ट हा क्रमवारी लावणारा प्रोग्राम पायथन, जावा, अँड्रॉइड सगळीकडे वर्षानुवर्षं वापरात होता. २०१५ मध्ये संशोधक त्याची सिद्धता द्यायला बसले आणि ती पुरी होईना, कारण कोड जे इन्व्हेरियंट पाळतोय असं मानलं जात होतं ते काही वेळा खरोखरच मोडत होतं.

करारच चुकला तर

प्रोग्राम करारात चोख बसला तरी करार पेढीच्या व्यवहारात बसतो का, हे कुठलीही सिद्धता सांगत नाही. त्यासाठी गेल्या हंगामातल्या हातानं लिहिलेल्या पट्ट्या मागून घ्या आणि प्रोग्राममधून पुन्हा काढा. जिथं फरक येईल तिथं दिवाणजींसोबत बसा. कधी हातची बेरीज चुकलेली असते. कधी एखादी रीत निघते जी कुणाला सांगावीशी वाटली नव्हती, जसं की गावातल्या गावात आणलेल्या मालाला भाडं न लावणं. ती करारात घाला, तारीख आणि कुणी सांगितलं ते लिहा, आणि करार कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

हमाली-तोलाईचे दर बदलले की आधी करार बदला, मग टेस्ट, मग कोड. दर कोडमध्ये लिहू नका. तक्त्यात कोणत्या तारखेपासून कोणता दर अशी ओळ ठेवा आणि पट्टी सौद्याच्या तारखेचा दर उचलेल असं करा. दोन वर्षांपूर्वीची पट्टी पुन्हा छापून मागितली तर तीच रक्कम आली पाहिजे, हे एक कलम बहुतेक पेढ्यांच्या करारात सुरुवातीला नसतं. ते आजच घाला.